चाकरीच्या वाटेवरचा कवी : रेव्हरंड नारायण वामन टिळक

बंगळूर आणि मराठी माणूस यांचा संबंध फार जुना आहे. सतराव्या शतकात शहाजीराजांची जहागीर येथे होती आणि त्यांच्या मागोमाग कारकून, शिलेदार, भिक्षुक अशी कितीतरी मराठी कुटुंबे या मुलखात आली. पुढे १९४० साली विमानांचा कारखाना निघाला, १९४८ साली टेलिफोनचा, १९५३ साली एच.एम.टी.चा आणि १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सचा. प्रत्येक वेळी पुण्या-मिरजेकडून, बेळगाव-धारवाडकडून नवी माणसे आली. संगणकाच्या व्यवसायाने तर ही वर्दळ शतपट वाढवली. काळ बदलला, हुद्द्यांची नावे बदलली. परंतु येण्याचे कारण बहुधा एकच राहिले, ते म्हणजे चाकरी. नेमणुकीच्या पत्राची वाट पाहणे, मुलाखतीचा निकाल कळेपर्यंत जीव टांगणीला लागणे, हातची नोकरी सुटल्यावर घरी ते कसे सांगावे या विचाराने रात्र काढणे, या गोष्टी आपल्यापैकी फार थोड्या घरांना अपरिचित असतील.

अशा विवंचनेत मनुष्य कशाचा आधार घेतो, हा प्रश्न म्हणूनच आपल्याला परका नाही. कोणी कुलदैवताला साकडे घालतो, कोणी ज्ञानेश्वरी उघडतो, कोणी ग्रह दाखवतो, कोणी मित्रापाशी मन मोकळे करतो. मराठी साहित्याच्या इतिहासात मात्र या प्रश्नाचे एक असे उत्तर नोंदले गेले आहे की त्याने एका कवीचे, त्याच्या पत्नीचे आणि काही अंशी मराठी कवितेचेही जीवन बदलून टाकले. ते उत्तर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्रात आढळते.

शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी त्यांची कविता वाचली. घायाळ पक्षिणीवरची त्यांची कविता आठवून आजही अनेकांचे डोळे पाणावतात. फुलामुलांचे कवी म्हणून रसिकांनी त्यांना गौरविले. परंतु या कोमल कवितेमागचा मनुष्य पूर्वायुष्यात किती वणवण फिरला होता, याची जाणीव सर्वांनाच असते असे नाही.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने कडक होते. आई जानकीबाई भाविक व काव्यप्रेमी होती. मुलाच्या कानावर कवितेचे पहिले संस्कार तिनेच केले. ती लवकर गेली आणि घराशी मुलाला बांधून ठेवणारा धागाच तुटला. पोरवयातच त्यांनी घर सोडले आणि नाशिकची वाट धरली. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांचे संस्कृत अध्ययन झाले. पुढे इंग्रजी शाळेतही ते काही काळ होते. पण धाकट्या भावंडांचा भार अंगावर आल्याने ते शिक्षण अर्ध्यावर राहिले. बुद्धी तल्लख, वाणी रसाळ, पाठांतर दांडगे आणि हातात प्रशस्तिपत्र मात्र नाही, अशी ही अवस्था होती. अशा माणसाला नोकरी सहज मिळते आणि तितक्याच सहज सुटते, हा अनुभव त्या काळचाच नव्हे.

१८८० साली त्यांचा विवाह झाला. वधू होती नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, वय जेमतेम अकरा-बारा वर्षांचे. सासरी तिचे नाव लक्ष्मी झाले. सोवळ्याओवळ्याचे अतोनात प्रस्थ असलेल्या घरात वाढलेली ही मुलगी पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठी गद्यात अजरामर झाली. त्या ग्रंथात तिने रंगविलेला नवरा वाचकाला हसवतो आणि व्याकूळही करतो. तो शीघ्रकोपी होता, दानशूर होता आणि विलक्षण अस्थिर होता. हातात पैसा आला की गरजवंताला देऊन मोकळा व्हायचा. मनात आले की न सांगता घराबाहेर पडायचा. कधी शाळेत शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी पुराणिक, कधी छापखान्यात खिळे जुळवणारा, अशी त्यांची भ्रमंती चालू होती. एका गावी बिऱ्हाड मांडावे, चूल पेटते न पेटते तोच दुसऱ्या गावची हाक यावी. लक्ष्मीबाईंनी कधी माहेरी, कधी सासरी, कधी बहिणीकडे दिवस काढले. मुले झाली, त्यांतली काही दगावली.

या अस्थिरतेला केवळ स्वभावदोष म्हणून हातावेगळे करणे अन्यायाचे होईल. टिळक पोटासाठी चाकरी शोधत होते हे खरे. पण त्याबरोबरच त्यांना दुसऱ्या एका गोष्टीचा शोध लागून राहिला होता. देश दीन झाला आहे, समाज जातिभेदाने पोखरला आहे आणि त्याला नवजीवन देईल असा धर्म हवा, या विचाराने त्यांना पछाडले होते. नागपूरला त्यांना अप्पासाहेब बुटी यांच्यासारख्या विद्याप्रेमी धनिकाचा आश्रय लाभला. संस्कृत ग्रंथांचे काम हाती आले. ‘ऋषी’ नावाचे धर्मविषयक मासिकही त्यांनी चालविले. परंतु आश्रयदात्याच्या मर्जीवर चालणारे काम किती दिवस पुरणार? आणि जे प्रश्न मासिकातून लोकांपुढे मांडायचे, त्यांची उत्तरे स्वतःपाशी नसताना मनाला स्वस्थता कोठून मिळणार?

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावास निघाले. राजनांदगाव हे आज छत्तीसगडात मोडते. त्या वेळी ते बैरागी घराण्याचे संस्थान होते. संस्थानच्या दरबारी आपली काही सोय लागेल, या आशेने हा प्रवास होता. कोकणातल्या माणसाला राजनांदगाव म्हणजे मुलूखच वेगळा. भाषा वेगळी, माणसे अनोळखी, आणि खिशात शिफारशीखेरीज दुसरे भांडवल नाही. आपल्यापैकी ज्यांनी वळकटी बांधून प्रथमच दक्षिणेची गाडी पकडली असेल, त्यांना या प्रवाशाच्या मनाची कल्पना सहज येईल.

गाडीच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. परक्या साहेबाविषयी त्या काळी जी धास्ती असे तिला वाव न देता त्यांनी टिळकांशी आदराने संभाषण सुरू केले. गप्पा रंगल्या आणि हळूहळू धर्माकडे वळल्या. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली, ती वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते भाकीत खरे वाटण्याचे काहीच कारण नव्हते. परंतु दिलेला शब्द पाळायचा, एवढ्याच भावनेने त्यांनी पुस्तक उघडले.

आरंभी त्यांना त्यात विशेष गोडी वाटली नाही. वाचता वाचता ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथे मात्र खिळून राहिले. अवघे तीन अध्याय. त्यांत दीनांना धन्य म्हटले आहे, शत्रूवर प्रेम करण्यास सांगितले आहे आणि देवाला पिता म्हणून हाक मारण्यास शिकविले आहे. अन्नवस्त्राच्या आणि उद्याच्या काळजीने पोखरलेल्या माणसाला उद्देशून केलेला उपदेशही त्याच प्रवचनात आहे. नोकरीच्या शोधात परमुलखात आलेल्या, मुलांच्या मरणाने पोळलेल्या आणि आपल्या प्रश्नांची उत्तरे शास्त्रांत धुंडाळून थकलेल्या या माणसाला ते शब्द आपल्यासाठीच लिहिले आहेत असे वाटले, तर त्यात नवल नाही. तत्त्वज्ञानातील अवघड कोडी येथे साध्या भाषेत सुटलेली त्यांना दिसली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या पुस्तकाने टिळकांची विवंचना दूर केली नाही. त्यातून नोकरी मिळाली नाही, मानमरातब मिळाला नाही. उलट जे काही होते ते जाण्याची वेळ आली. त्या काळात ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे म्हणजे जातीतून, आप्तांतून आणि उपजीविकेच्या बहुतेक वाटांतून उठणे होते. दिलासा मिळाला तो अंतरंगात. आपण निराधार नाही, आपल्या भटकण्याला कोणी साक्षी आहे आणि तो पित्यासारखा आहे, ही श्रद्धा त्यांना लाभली. तिच्या बळावर त्यांनी बाहेरची असुरक्षितता पत्करली. लोभाने धर्म सोडला, असा आरोप त्यांच्यावर झाला. परंतु या माणसाचा सारा जन्म पाहिला की पैशाचा लोभ हा दोष त्याच्या वाट्याला आलाच नव्हता, हे कोणीही मान्य करील.

दीड-दोन वर्षे हा झगडा मनात चालला. मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी त्यांचा संबंध आला. हेच अ‍ॅबट पुढे मराठी संतांची चरित्रे व काव्य इंग्रजीत नेणारे भाषांतरकार म्हणून प्रसिद्धीस आले. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेता रेव्हरंड तुकाराम नाथोजी या देशी पाळकाच्या हातून त्यांनी घेतला. धर्म बदलला तरी देश आणि स्वाभिमान बदललेला नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी कृतीने दाखवून दिले.

या निर्णयाची किंमत एकट्या टिळकांनी दिली नाही. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. नवरा जिवंत असताना त्याच्यापासून तुटलेली, लहानग्या दत्तूला घेऊन बहिणीच्या आश्रयाने राहणारी ती तरुण स्त्री किती रडली असेल, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास सांगावयास नको. त्या विरहाने तिला कवयित्री केले, असेही म्हणता येईल. एकाला मिळालेले समाधान दुसऱ्याच्या दुःखाचे कारण ठरू शकते, हे सत्य या चरित्रातून वगळता येत नाही आणि वगळूही नये.

तथापि टिळकांनी पत्नीचा हात सोडला नाही. त्यांचा पत्रव्यवहार चालू राहिला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहावयास आल्या त्या स्वतःच्या धर्मात राहूनच. त्यांचे पाणी निराळे, स्वयंपाक निराळा. टिळकांनी त्याला आडकाठी केली नाही. मग हळूहळू त्यांच्याच मनात प्रश्न उभा राहिला की माणसामाणसांत हा भेद देवाने केला की आपण? त्याचे उत्तर त्यांनी स्वतःच्या विचाराने शोधले आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सक्तीने झालेले परिवर्तन आणि प्रतीतीने झालेले परिवर्तन यांतले अंतर पाहावयाचे असेल, तर या दांपत्याकडे पाहावे.

टिळकांचे कार्यक्षेत्र आता अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे झाले. ज्याचा पाय एका गावी ठरत नव्हता तो मनुष्य वीस वर्षांहून अधिक काळ त्या एका शहराशी निगडित राहिला. मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत ते शिकवीत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड झाले. दुष्काळाने पोरकी झालेली कितीतरी मुले त्यांच्या घरी वाढली. पगार घरी येण्यापूर्वीच वाटेत वाटला जाण्याची जुनी खोड तशीच राहिली आणि संसाराची ओढाताणही संपली नाही. तरीही घरात गाणे होते, विनोद होता, कवितेची मैफल होती.

त्या घरच्या आश्रितांत एक नाव विशेष आहे. १९०७ साली जळगावी पहिले कविसंमेलन भरले. त्यात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाच्या काव्याने सारे थक्क झाले आणि बालकवी ही पदवी त्याला मिळाली. टिळकांनी या मुलाला आपल्या घरी नेले. तो ब्राह्मण आणि हे ख्रिस्ती. पण लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे जपले आणि त्याच्या धर्माला धक्का लागू दिला नाही. चाकरीसाठी दारोदार हिंडलेल्या माणसाने आपले दार दुसऱ्यासाठी उघडे ठेवले, हे त्या श्रद्धेचे एक दृश्य फळ होय.

दुसरे फळ म्हणजे त्यांची भक्तिपर कविता. ख्रिस्ती उपासनेतील परकी वळणे त्यांना रुचत नसत. मराठी माणूस देवापुढे उभा राहील तो अभंग, ओवी, कीर्तन आणि टाळ-मृदंग घेऊनच, अशी त्यांची ठाम धारणा होती. आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते मानीत. त्यांच्या शेकडो पदांनी मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेला स्वतःचा आवाज दिला. ती पदे आजही गाइली जातात. ‘अभंगांजली’तील रचनांतून याचक आणि दाता यांचे नाते पुन्हापुन्हा डोकावते. ‘ख्रिस्तायन’ या ओवीबद्ध महाकाव्याचा त्यांनी आरंभ केला. त्यांच्या हयातीत त्याचे थोडेच अध्याय झाले. उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी सिद्धीस नेला. एके काळी ज्या श्रद्धेने घर मोडले होते, तिचेच महाकाव्य त्या घराच्या स्वामिनीने लिहावे, याहून मोठा समेट तो कोणता? १८४२ साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या पत्राचा मराठी विभाग टिळकांनी १९१२ पासून अखेरपर्यंत सांभाळला.

आणि मग चरित्राचा शेवटचा, सर्वांत अर्थपूर्ण भाग येतो. १९१७ साली, वयाच्या पंचावन्न-छप्पन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला. तरुणपणी ज्या निश्चित वेतनासाठी गावेच्या गावे पालथी घातली ते वेतन त्यांनी आपण होऊन सोडले. परदेशी पैशावर पोसलेला धर्म या मातीत रुजणार नाही आणि पगारी प्रचारकाच्या शब्दाला संन्याशाच्या शब्दाचे वजन येणार नाही, हा त्यामागील विचार होता. सातारा येथे त्यांनी देवाचा दरबार या नावाने एक बंधुसंघ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जसे स्थान होते तसेच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही होते. तुकोबा-समर्थांच्या भूमीत ख्रिस्ती संन्यासी म्हणून त्यांनी उरलेले दिवस घालविले. पूर्वीची निष्कांचन अवस्था आणि ही अवस्था बाहेरून पाहता सारखीच होती. पूर्वी ती दैवाने लादलेली होती, आता स्वखुशीने स्वीकारलेली होती, एवढाच काय तो फरक. परंतु माणसाचे सारे समाधान त्या फरकात सामावलेले असते.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्निसंस्कार झाला आणि अस्थी त्यांच्या प्रिय नगरात नेण्यात आल्या. लक्ष्मीबाई त्यांच्यामागे सतरा वर्षे जगल्या. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि त्या माउलीने आपल्या भोळ्या, रागीट, उदार पतीला मराठी वाचकांच्या घरोघरी कायमचे बिऱ्हाड मिळवून दिले.

टिळकांना जो आधार मिळाला तो त्यांच्या श्रद्धेचा होता. प्रत्येकाचा आधार तोच असेल असे नाही, आणि आपला मार्ग आपण शोधावा हेच त्यांच्या व लक्ष्मीबाईंच्या संसारावरून शिकावयाचे. परंतु त्यांच्या चरित्रातून एक गोष्ट सर्वांनीच घ्यावी अशी आहे. चाकरी मिळेपर्यंत मन स्वस्थ होणार नाही, असे आपण समजतो. टिळकांच्या बाबतीत मन आधी स्थिर झाले आणि हातून काम घडले ते त्यानंतर. नोकरीवाचून माणसाची किंमत कमी होत नाही, ही खूणगाठ ज्याने बांधली त्याला नोकरी शोधणेही सोपे जाते आणि प्रसंगी सोडणेही.

बंगळुरात आजही दररोज कोणी ना कोणी मराठी तरुण किंवा तरुणी हातात कागदपत्रांची पिशवी घेऊन गाडीतून उतरते. कोणाला काम मिळते, कोणाचे हातचे जाते. अशा वेळी मंडळाच्या ओसरीवर दोन शब्द आपुलकीने बोलणारे कोणी भेटले, तर तेही लहान काम नव्हे. डब्यातल्या त्या परक्या प्रवाशाने एका विवंचनेत असलेल्या माणसाला नोकरी देऊ केली नव्हती. त्याने त्याला शेजारी बसवून घेतले, त्याचे ऐकले आणि आपल्याजवळचे जे मोलाचे होते ते दिले. एवढे तर आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्याजोगे आहे.